लिनक्सवर थंब चालवायचा असेल तर आधी सेन्सरचा आयडी बघा

‘लिनक्सवर थंब, म्हणजे बोटाच्या ठशानं लॉगिन, चालतो का?’ याचं उत्तर उबंटू, मिंट किंवा फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी (डिस्ट्रो) कुणाकडेच नसतं. ते लॅपटॉपच्या पामरेस्टवर (कीबोर्डाखालची हात टेकायची जागा) बसवलेल्या बोटभर चिपकडे असतं. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन मॉडेलमध्ये एकात ठसा पाच मिनिटांत लागतो आणि दुसऱ्यात अख्खी रात्र घालवली तरी लागत नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागात पतसंस्था, क्लासेस, टॅक्सवाले आणि इंजिनिअरिंगची पोरं कंपन्यांतून उतरलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक घेतात आणि त्यावर मिंट टाकतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढली तर पुढचा बराच ताप वाचतो.

कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन लिपीत टाकायच्या हे सांगायला नको.

दुकानात जाताना मिंट किंवा उबंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (इन्स्टॉल न करता सिस्टम चालवणारा) खिशात ठेवा. मशीन त्यावरून चालू करा, टर्मिनल उघडा आणि एलएसयूएसबी असं टाका. यादीत एक ओळ साधारण अशी दिसेल: आयडी ०६सीबी:००बीडी. कोलनच्या आधीची चार अक्षरं कंपनीची, नंतरची चार सेन्सरच्या मॉडेलची. ०६सीबी म्हणजे सिनॅप्टिक्स, १३८ए म्हणजे व्हॅलिडिटी (ही कंपनी पुढं सिनॅप्टिक्समध्ये गेली), २७सी६ म्हणजे गुडिक्स, ०४एफ३ एलान, १४७ई यूपेक, ०ए५सी ब्रॉडकॉम. पुष्कळदा ओळीत ‘फिंगरप्रिंट’ हा शब्द नसतोच, नुसता आकडा असतो. त्यामुळं कंपनीचा आकडा ओळखता आला पाहिजे. मग तो पूर्ण आयडी लिबएफप्रिंट (लिनक्ससाठी ठसा-सेन्सरचे ड्रायव्हर पुरवणारा) प्रकल्पाच्या ‘सपोर्टेड डिव्हाइसेस’ यादीत शोधायचा. यादीत असला तर घ्या. नसला तर ‘नंतर अपडेट येईल’ असं दुकानदार म्हणाला तरी थंब चालणार नाही असं धरूनच किंमत करा.

यादीत सेन्सरच दिसला नाही तर तीन शक्यता. पहिली, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तो बंद करून ठेवलेला असतो. दुसरी जुन्या मालात नेहमीची: पामरेस्ट बदललेला असतो आणि सेन्सरची पातळ रिबन केबल मदरबोर्डाला लावलेलीच नसते. तिसरी, काही लॅपटॉपमध्ये सेन्सर यूएसबीवर नसून एसपीआय बसवर असतो, म्हणून एलएसयूएसबीला तो दिसत नाही. लिबएफप्रिंटमध्ये एलानच्या एसपीआय सेन्सरसाठी वेगळा ड्रायव्हर आहे, पण बाकीच्या एसपीआय सेन्सरच्या भानगडीत पडू नका.

थिंकपॅडचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे, कारण बाजारात माल तोच जास्त. टी४२०, टी४३० च्या काळातले यूपेकचे सेन्सर (१४७ई:२०१६, १४७ई:२०२०) बोट ओढायचे, पट्टीसारखे. लिबएफप्रिंटमध्ये ते बिनबोभाट चालतात. टी४४० मधला १३८ए:००१७ हाही ओढायचाच, तोही चालतो. टी४७० मध्ये बोट नुसतं टेकवायचा चौकोनी सेन्सर आहे, १३८ए:००९७. टी४८० मध्ये ०६सीबी:००९ए. हे दोन्ही मूळ लिबएफप्रिंटमध्ये नाहीत. गंमत अशी की जुन्या मालात खप याच टी४८० चा मोठा. टी४९० आणि पहिल्या पिढीच्या टी१४ मध्ये ०६सीबी:००बीडी आला, तो मात्र अधिकृतपणे चालतो. म्हणजे टी४४० चालतो, टी४८० अडतो, टी४९० परत चालतो. लॅपटॉप जुना की नवा यावरून अंदाज बांधता येत नाही, तो असा.

टी४७०, टी४८० वाल्यांसाठी पायथन-व्हॅलिडिटी नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे. विंडोजचा ड्रायव्हर आणि सेन्सर यांच्यातलं बोलणं उलगडून तो लिहिलेला आहे. तो वापरताना मूळ एफप्रिंटडी (सेन्सरशी बोलणारी लिनक्सची सेवा) काढून त्या जागी ओपन-एफप्रिंटडी बसवावा लागतो. दोन्ही एकत्र ठेवले की एकमेकांच्या पायात पाय घालतात. सेन्सरचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) तो स्वतः डाउनलोड करून घेतो, त्यामुळं पहिल्या वेळी इंटरनेट लागतंच. सेन्सर आधी विंडोजशी जोडला गेलेला असेल तर त्याचं फॅक्टरी रिसेट करावं लागतं, त्याची स्क्रिप्ट पॅकेजबरोबर येते. चालतो चांगला. त्रास एकच: लॅपटॉप झोपेतून उठला की सेन्सर गप्प. त्यासाठी ओपन-एफप्रिंटडी-सस्पेंड आणि ओपन-एफप्रिंटडी-रिझ्युम या दोन सर्व्हिस सिस्टमसीटीएल इनेबल करून चालू करायच्या. ही पायरी विसरणारे फार.

डेल लॅटिट्यूडमध्ये ब्रॉडकॉमचा कंट्रोलव्हॉल्ट (सुरक्षेची वेगळी चिप) असतो. त्यातल्या ०ए५सी:५८४२ आणि ५८४३ साठी उबंटूत लिबएफप्रिंट-२-टीओडी१-ब्रॉडकॉम हे बंद स्रोताचं पॅकेज मिळतं. टीओडी म्हणजे कंपन्यांनी दिलेले बंद ड्रायव्हर लिबएफप्रिंटला जोडायची सोय. ती उबंटूनं धरली, म्हणून तेच मशीन उबंटूवर चालतं आणि दुसऱ्या डिस्ट्रोवर खटपट करावी लागते. गुडिक्समध्ये २७सी६:६०९सी, ६५९४ असे ६००० च्या घरातले बरेच आयडी चालतात. ५११०, ५११७, ५३९५ अशा ५००० च्या घरातल्या पुष्कळांना अधिकृत ड्रायव्हर नाही. हा ढोबळ अंदाज आहे, नियम नव्हे. यादी बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

असं का होतं? सेन्सर दोन जातीचे असतात. जुन्या जातीत सेन्सर फक्त चित्र काढतो आणि ताडून बघायचं काम संगणक करतो. लिबएफप्रिंट त्यासाठी अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं एनबीआयएस सॉफ्टवेअर वापरतं. त्यातला बोझोर्थ३ हा भाग ठशातल्या रेषा कुठं संपतात, कुठं फुटतात ते बिंदू जुळवतो आणि गुण देतो. ४० गुण मिळाले की ठसा जुळला, हे नेहमीचं माप. पण लॅपटॉपचे सेन्सर दिवसेंदिवस इवलेसे होत गेले. एवढ्याशा चित्रात बिंदूच कमी सापडतात. म्हणून एलानच्या ड्रायव्हरमध्ये हे माप २४ वर आणलेलं आहे. एलानच्या अशा सेन्सरची आणखी एक खोड: दिसायला टेकवायचा असला तरी ड्रायव्हर त्याला ओढायचा समजतो आणि सरकत्या बोटाचे तुकडे जोडून चित्र करतो. बोट नुसतं टेकवून ‘नो मॅच’ येत असेल तर हळूच वरून खाली सरकवून बघा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

नव्या जातीत ताडून बघायचं काम चिपच्या आतच होतं. ठसा बाहेर येतच नाही, चिप फक्त ‘जुळला’ किंवा ‘नाही’ एवढं सांगते. लिबएफप्रिंटला तिथं चित्राशी झटापट करावी लागत नाही, म्हणून कंपनीनं सहकार्य केलं की हे सेन्सर फार छान चालतात. पण त्यांच्या पोटात ठसे साठतात आणि जुन्या लॅपटॉपचा खरा घोळ तिथं होतो.

हार्ड डिस्क फॉरमॅट केली, एसएसडी बदलली, तरी चिपमधले ठसे जात नाहीत. आधीच्या कंपनीतल्या कुणा कर्मचाऱ्याची बोटं अजून आत असतात. तुम्ही नवा मिंट टाकता, एफप्रिंटडी-लिस्ट म्हणतं ‘एकही ठसा नाही’, आणि नोंदवायला गेलं की एनरोल-डेटा-फुल येतं, कारण चिपमधली जागा भरलेली असते. किंवा स्वतःच्याच मशीनवर लिनक्स परत टाकलं आणि तेच बोट नोंदवायला गेलात की एनरोल-डुप्लिकेट. यावर उपाय बायोसमध्ये आहे. थिंकपॅड चालू होताना एफ१ दाबा, सिक्युरिटी, त्यात फिंगरप्रिंट, त्यात ‘रिसेट फिंगरप्रिंट डेटा’. एकदा केलं की चिप कोरी. जुना थिंकपॅड घरी आणल्यावर पहिलं काम हेच करा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं असेल तर मात्र विंडोज हॅलोचे (विंडोजच्या ठसा-लॉगिनचे) ठसेही जातील, ते परत द्यावे लागतील.

आता बसवणं. उबंटू, डेबियन, मिंटवर: सुडो एपीटी इन्स्टॉल एफप्रिंटडी लिबपॅम-एफप्रिंटडी (सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकारानं चालवणं). पहिलं पॅकेज सेन्सरशी बोलणारी सेवा, दुसरं लॉगिनला ती जोडणारा दुवा. थिंकपॅडमधल्या सिनॅप्टिक्सला आधी फर्मवेअर अपडेट लागू शकतं. एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर रिफ्रेश, मग एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट, मग मशीन बंद करून चालू. जुन्या फर्मवेअरवर ड्रायव्हर सरळ नकार देतो आणि लोक ड्रायव्हरलाच शिव्या देतात.

मग एफप्रिंटडी-एनरोल. काहीच सांगितलं नाही तर ते उजव्या हाताची तर्जनी धरतं. दुसरं बोट हवं असेल तर मायनस एफ लावून राइट-थंब, लेफ्ट-मिडल-फिंगर असं नाव द्यायचं. सेन्सरप्रमाणे पाच, आठ किंवा त्याहून जास्त वेळा बोट ठेवावं लागतं. दर वेळी एनरोल-स्टेज-पास्ड आलं की बोट पूर्ण उचला आणि किंचित हलवून परत ठेवा: एकदा टोक, एकदा डावी कड, एकदा उजवी. सगळ्या वेळी एकाच जागी ठेवलंत तर नोंदणी होते, पण रोज वापरताना बोट जरा तिरपं पडलं की नाकारलं जातं. शेवटी एनरोल-कम्प्लीटेड आलं की एफप्रिंटडी-व्हेरिफाय करून खात्री करा.

‘नो डिव्हाइसेस अव्हेलेबल’ म्हणजे ड्रायव्हर नाही, आयडीकडे परत चला. ‘परमिशन डिनाइड’ बहुतेक वेळा एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून जोडून) नोंदणी करताना येतं. मशीनसमोर बसून करा, किंवा सुडो लावून शेवटी वापरकर्त्याचं नाव द्या. बाकी कशाचाही माग काढायचा तर जर्नलसीटीएल मायनस यू एफप्रिंटडी.

ठसा नोंदवून झाला म्हणजे लॉगिनला लागला असं नाही. लॉगिनच्या वेळी ओळख तपासायचं काम पॅम करतं, म्हणून सुडो पॅम-ऑथ-अपडेट चालवा, ‘फिंगरप्रिंट ऑथेंटिकेशन’वर स्पेस दाबून खूण करा. फेडोरात सुडो ऑथसिलेक्ट इनेबल-फीचर विथ-फिंगरप्रिंट, आणि मग ऑथसिलेक्ट अप्लाय-चेंजेस. मिंट २२.२ पासून फिंगविट नावाचं छोटं ॲप आलंय, ते नोंदणीपासून जोडणीपर्यंत सगळं खिडकीत करतं. टर्मिनल नको असणाऱ्यांनी तेच वापरावं. आर्च या डिस्ट्रोवर मात्र पॅमच्या फायली हातानं बदलायच्या. तसं करताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूट शेल आधीच उघडून ठेवा आणि काम तपासून होईपर्यंत ते बंद करू नका. पॅमच्या फायलीत एक ओळ चुकली तर सुडोही बंद आणि लॉगिनही बंद. मग लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनच दुरुस्ती.

डेबियन घराण्यात ठशासाठी एक प्रयत्न आणि १० सेकंदांची मुदत ठेवलेली असते. मॉड्यूलची स्वतःची मूळ सेटिंग तीन प्रयत्न आणि ३० सेकंद. म्हणजे आर्चवर काही न लिहिता जोडलंत तर सुडो केल्यावर पासवर्डची ओळ यायला अर्धा मिनिट ताटकळावं लागतं. मॅक्स-ट्राइज आणि टाइमआउट कमी करा. पासवर्ड आणि ठसा एकाच वेळी स्वीकारणारं पॅम-एफप्रिंट-ग्रॉसहॅक नावाचं मॉड्यूल आहे. नावातच त्याची जात सांगितलेली आहे (ग्रॉस हॅक म्हणजे ओबडधोबड जुगाड), ऑफिसच्या मशीनवर ते नको. लॅपटॉपचं झाकण मिटून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांना हे १० सेकंद फार जाचतात, कारण सेन्सर झाकणाखाली आणि सिस्टम बोटाची वाट बघत बसलेली. प्रॉक या सिस्टम फोल्डरमधली झाकणाची स्थिती वाचणारी दोन ओळींची स्क्रिप्ट पॅम-एक्झेकनं ठशाच्या ओळीआधी चालवली की झाकण बंद असताना तो टप्पा वगळता येतो.

ठशानं लॉगिन केल्यावर नोम डेस्कटॉपवर ‘कीरिंग अनलॉक करा’ म्हणून पासवर्ड मागितला जातो. हा बिघाड नाही. वायफायचे, क्रोमचे पासवर्ड ज्या कीरिंगमध्ये असतात ती तुमच्या लॉगिन पासवर्डनंच उघडते, आणि बोटात पासवर्ड नसतो. कीरिंगचा पासवर्ड कोरा ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा पासवर्ड टाका, नंतर दिवसभर स्क्रीन उघडायला आणि सुडोला बोट वापरा. डिस्क लक्सनं एन्क्रिप्ट केली असेल तर तिथंही बोटाचा उपयोग नाही. केडीई डेस्कटॉपच्या एसडीडीएम लॉगिनला पासवर्डची जागा कोरी ठेवून एंटर दाबल्याशिवाय सेन्सर जागा होत नाही, हे माहीत नसल्यानं चालणारा सेन्सर बंद समजला जातो.

आता बोटांकडे. हे सेन्सर त्वचेच्या उंचवट्यांची आणि खळग्यांची धारकता (कपॅसिटन्स) मोजतात. बोट ओलं असेल तर पाणी खळग्यात भरतं आणि सगळं सपाट दिसतं. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटीकडच्या पावसात पुसलेलं बोटही दमट राहतं. सेन्सर आणि बोट दोन्ही सुक्या सुती कापडानं पुसा, सॅनिटायझर लावून लगेच टेकवू नका. उन्हाळ्यात उलटं: कोरड्या बोटाचा स्पर्शच नीट होत नाही, बोटावर हा करून वाफ सोडली की लागतं. एकच नोंदणी दोन्ही ऋतूंना पुरत नसेल तर पावसाळ्यात दुसरं बोट नोंदवून ठेवा.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची अंगठा आणि तर्जनीची टोकं झिजलेली असतात, उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्यांची खरखरीत आणि चिरलेली. त्यांची डाव्या हाताची अनामिका किंवा मधलं बोट घ्या, त्यावर रेषा शाबूत राहतात. संस्थेच्या मशीनवर चार जणांचे ठसे घ्यायचे असतील तर प्रत्येकाचं वेगळं लिनक्स खातं करा. एकाच खात्यात चौघांची बोटं ‘उजवी तर्जनी, डावी तर्जनी’ अशी भरली तर चालतं, पण कुणी काय केलं ते नंतर कळत नाही.

एक बिघाड हमखास चुकीच्या जागी शोधला जातो. चार्जर काढला की ठसा लागतो, लावला की लागत नाही. हे ड्रायव्हरचं नाही, अर्थिंगचं. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थची तार मागं कुठंच गेलेली नसते. चार्जरची गळती बॉडीवर येते, हात फिरवला तर हलकी गुणगुण जाणवते, आणि धारकता मोजणाऱ्या सेन्सरला त्या गोंधळात रेषा दिसत नाहीत. इलेक्ट्रिशियनला बोलवा, टर्मिनल नको.

झोपेतून उठल्यावर सेन्सर गायब होत असेल तर आधी सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एफप्रिंटडी करून बघा. टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी-डिनायलिस्टमध्ये सेन्सरचा आयडी टाका, म्हणजे वीज वाचवायला तो यूएसबी पोर्ट झोपवणार नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर ठसा ही सोय आहे, कुलूप नव्हे. चित्र काढणाऱ्या सेन्सरचे नमुने व्हार, लिब, एफप्रिंट या फोल्डरमध्ये असतात. ते फक्त रूटला वाचता येतात, पण एन्क्रिप्ट केलेले नसतात. डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करणाऱ्या कुणालाही ते उचलता येतात. आणि पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. चिपमध्ये ताडणारे सेन्सर बरे, पण अभेद्य तेही नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी डेल इन्स्पिरॉन, थिंकपॅड टी१४ आणि सरफेसचा कीबोर्ड या तिघांवर विंडोज हॅलोला बगल दिली. डेलच्या गुडिक्स चिपमध्ये विंडोज आणि लिनक्सचे ठसे वेगवेगळ्या साठ्यात होते. त्यांनी लिनक्समधून स्वतःचं बोट नोंदवलं आणि चिपला विंडोजच्या वेळी लिनक्सचा साठा बघायला लावलं. ग्राहकांचे हिशेब असलेल्या मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन आणि बायोस पासवर्ड हवाच, थंब असो वा नसो.

राहिलं बाहेरून लावायचं मशीन. रेशन दुकानात किंवा आधारवर पैसे काढून देणाऱ्याकडे मंत्रा कंपनीचं एमएफएस१०० किंवा एमएफएस११०, मॉर्फो, स्टारटेक असतं. ‘हेच लिनक्स लॉगिनला लावू का?’ असं पुष्कळ जण विचारतात. नाही. लिबएफप्रिंटमध्ये त्यांचे ड्रायव्हर नाहीत. आधारसाठीचं यंत्र आरडी सर्व्हिस या स्वतःच्या सॉफ्टवेअरमार्फत चालतं आणि ठसा यूआयडीएआयच्या (आधार चालवणाऱ्या संस्थेच्या) चावीनं एन्क्रिप्ट करूनच बाहेर देतं, तो तुमच्या लॉगिनला वाचताच येणार नाही. एल०, एल१ या यंत्रांच्या सुरक्षेच्या पातळ्या. जुन्या एल० यंत्रात हे एन्क्रिप्शन संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये होत असे, एल१ मध्ये ते यंत्राच्या आतच होतं. डेस्कटॉपला लॉगिनसाठी बाहेरचं यंत्र हवंच असेल तर डिजिटलपर्सोनाचं यू.आर.यू. ४५०० लिबएफप्रिंटवर चालतं. आकारानं मोठं आहे, पण काच मोठी असल्यानं झिजलेली बोटंही बरी वाचतं. ऑनलाइन मिळणारे नखाएवढे डोंगल ‘विंडोज हॅलो’ लिहून येतात, आयडी विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

आणि आधारचं काम लिनक्स मशीनवरूनच करायचं असेल तर एक गोष्ट समजून घ्या. आरडी सर्व्हिस ज्या संगणकावर बसवली आहे त्याच्याच आतल्या पत्त्यावर (लोकलहोस्ट) ११,१०० ते ११,१२० या पोर्टपैकी एकावर ऐकत बसते आणि ब्राउझरमधलं पान तिला तिथं शोधतं. म्हणून ठसा यंत्र फोनला ओटीजीनं लावून पान लिनक्सच्या ब्राउझरमध्ये उघडलं तर ‘डिव्हाइस नॉट फाउंड’च येणार. यंत्र अँड्रॉइड फोनला लावलंत तर व्यवहाराचं ॲपही त्याच फोनवर चालवावं लागतं.